निवृत्तीभाऊ आणि गचके खाणारी गाडी

आमची गाडी निवृत्तीभाऊंनी तिसऱ्या दिवशी दुरुस्त केली. पहिले दोन दिवस ते नुसते तिच्यात बसून आले. त्यांना ओळखणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. न ओळखणारे म्हणायचे, हा मेकॅनिक आहे की पाहुणा?

मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे एक कडुनिंब, निंबाखाली लाकडी बाकडं. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बाकड्यावर बसवायचे. कुणी उतरल्या उतरल्या बॉनेट उघडायला गेलं तर लांबूनच ओरडायचे, "झाका ते! अजून आपलं बोलणं झालं नाही." मग प्रश्न सुरू. गाडी गचके कधी खाते? सकाळी का दुपारी? भरलेली असताना का रिकामी? चढाला का सपाटीला? पाय हळू दाबला तर का जोरात दाबला तर? शेवटचा हात कुणी लावला? घरात कोण कोण चालवतं? लोक वैतागून जायचे. एक वकील त्यांना म्हणाला ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. म्हणाला, "अहो, उलटतपासणी मी घेतो लोकांची."

निवृत्तीभाऊ म्हणाले, "मग तुम्हाला माहीतच असेल. साक्षीदार घाईत असला की काहीही सांगतो."

वकील बाकड्यावर बसला आणि चहा प्यायला.

दिसायला भाऊ अगदी साधे. बुटके, पाय थोडे बाहेरच्या बाजूला टाकत चालायचे. नखं कायमची काळी. ती घासून घासून स्वच्छ होत नाहीत म्हणून लग्नाच्या पंगतीत ते चमच्याने जेवायचे आणि लोकांना वाटायचं, माणूस शिष्ट आहे. पँटीला नेहमी ऑइल. म्हणून कुणाच्याही गाडीत बसताना आधी सीटवर जुना पेपर अंथरायचे. उतरले की त्याची घडी करून काखेत. आमच्या घरी आले तरी खाटेवर पेपर टाकूनच बसायचे. मी एकदा बोलले, "भाऊ, आमची खाट काय विटाळते का?"

"नाही आक्का. पण गोधडी तुम्हालाच धुवावी लागंल ना."

दुसऱ्याच्या धुण्याचा विचार करणारे पुरुष मी फार पाहिले नाहीत.

गाडीत बसले की चपला काढायचे. दोन्ही तळवे खालच्या पत्र्याला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चला." रस्त्यात एक शब्द बोलायचे नाहीत. कुणी गप्पा सुरू केल्या तर हात वर करायचे. इंजिनाचं कानाला कळतं त्याच्या आधी तळव्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यातलं काही कळत नाही. पण झेंडूची जुडी हातात घेतली की ती कालची का आजची ते मला न बघता कळतं, म्हणून मी त्यांना हसले नाही.

वणीच्या एका माणसाची गोष्ट ते नेहमी सांगायचे. त्याची जुनी गाडी घरून निघाली की छान पळायची. पंधरा-वीस मिनिटं झाली की पिकअप सोडायची, गचके खायची आणि बंद पडायची. थोडा वेळ उभी केली की पुन्हा छान. देवीच्या गडावर निघालेले पाहुणे घेऊन हा माणूस रस्त्यात पाच वेळा उभा राहिलेला. दोन गॅरेजवाल्यांनी पेट्रोलचा पंप बदलून दिला होता, एकाच गाडीला दोनदा. निवृत्तीभाऊंनी त्याला बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "गाडी बंद पडली की तुम्ही काय करता?"

"काय करणार? खाली उतरतो."

"मग?"

"देवीचं नाव घेतो."

"मग?"

"मग टाकी उघडून पेट्रोल आहे का बघतो."

भाऊ उठले आणि थेट टाकीपाशी गेले. टाकीचं झाकण हरवलं होतं. त्या माणसाने प्लॅस्टिकची पिशवी घालून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली होती. पेट्रोल खाली जाईल तशी आत हवा जायला वाटच नव्हती. टाकीच पेट्रोल सोडेना. हा पिशवी सोडायचा, आत हवा जायची, गाडी चालू. भाऊंनी पिशवीला खिळ्याने भोक पाडलं आणि म्हणाले, "जा. देवीला नमस्कार सांगा. झाकण आणा नवं."

ही गोष्ट सांगताना ते फुशारकी मारत नसत. शेवटी म्हणायचे, "मी काय केलं? त्यालाच माहीत होतं सगळं. त्याला कुणी विचारलं नव्हतं."

एवढं विचारण्याची सवय त्यांना जन्मापासून नव्हती. गॅरेज नवीन असताना एका मास्तरांच्या गाडीचा कार्बोरेटर त्यांनी काही न विचारता उघडला, साफ केला, बसवला. गाडी होती तशीच. दोष दुसरीकडेच होता. संध्याकाळी ते मास्तरांच्या घरी गेले आणि त्यांच्या सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "मास्तर, माझं चुकलं. मी उगाच उघडलं." मास्तर म्हणाले, बरं झालं माझ्या पोरांनी हे ऐकलं. हे मला मास्तरांच्या बायकोने सांगितलं. भाऊंनी नाही.

आता आमच्या गाडीचं सांगते.

आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती आणि चार गुंठे गुलाब. गाडी म्हणजे जुनी पांढरी व्हॅन, इंजिन पुढच्या दोन सीटांखाली. मागची सीट काढून तिथे झेंडूचे क्रेट लावायचे. आमचे मालक होते तोवर तेच गाडी चालवायचे. ते गेले. मुलगा विलास कंपनीत, त्याला पाळ्या. मग सून, कल्पना, गाडी शिकली आणि रोज पहाटे पाचला माल घेऊन फुलबाजारात जायला लागली. वर्षभर चांगलं चाललं.

होळीनंतर गाडी गचके खायला लागली. पाय दाबला की आधी खाली बसायची, मग एकदम उडी. पाटाच्या पुलाच्या चढावर तर माणूस पुढे आपटेल अशी. कल्पना रोज घरी येऊन सांगायची. विलास संध्याकाळी गाडी घेऊन चक्कर मारायचा. त्याच्याकडे गाडी लोण्यासारखी पळायची.

"गाडीला काही झालं नाही," विलास म्हणायचा. "तुझ्या पायाला झालंय."

गावातल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर धुतला. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. मग विलास म्हणाला, गाडी विकून टाकू, व्यापारी बांधावर येऊन माल नेईल. कल्पना भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "बाजारात मला माझ्या नावानं ओळखतात. बांधावर मला कोण ओळखणार?" विलासने ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि तरी बोलले. लपवून काय उपयोग? मी म्हणाले, "क्लच सोडता येत नाही तर मिरवायला कशाला जाते?" तीन महिने मी तिला असंच काही ना काही बोलत होते.

ती एक दिवस बाजारातून परस्पर निवृत्तीभाऊंच्या गॅरेजवर गेली. त्यांनी तिलाही बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "ताई, काय होतंय?"

तिने सांगितलं, "दुसऱ्या गिअरमध्ये, चढाला, अर्धा पाय दाबला की दोनदा खाली बसते. मग उडी मारते. जाताना होतं. येताना होत नाही. आणि बाजारात पोचेस्तोवर आपोआप कमी होतं."

भाऊ म्हणाले, "ज्याला एवढं सांगता येतं त्याला गाडी चालवता येते. मला तीन दिवस द्या."

पहिल्या दिवशी पहाटे ते आले. पुढच्या सीटवर पेपर अंथरला, चपला काढल्या, डोळे मिटले. रोज त्या सीटवर गुलाबाची टोपली असते. मागे ठेवली तर क्रेट अंगावर येऊन गुलाब चेंगरतात. भाऊ बसणार म्हणून मी टोपली मागे कशीबशी ठेवली. गाडी गेली, आली. एक गचका नाही.

विलास दारातच होता. "बघा भाऊ! शेजारी माणूस बसला की पाय कसा नीट पडतो."

कल्पनाने किल्ली खुंटीला अडकवली आणि गोठ्यात निघून गेली.

भाऊ म्हणाले, "विलास, मी तीन दिवस मागितलेत. एक झाला."

दुसऱ्या दिवशीही तेच. गाडी सरळ गेली, सरळ आली. त्या संध्याकाळी विलासने गाडी बघायला एक गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाईक टायरला लाथ मारून बघत होतं तेव्हा कल्पना पुन्हा गॅरेजवर गेली होती. तिथे काय झालं ते तिने मला फार नंतर सांगितलं. ती भाऊंना म्हणाली, "राहू द्या भाऊ. माझाच पाय असंल."

भाऊ तिच्यावर चिडले. ते फारसं चिडत नसत. म्हणाले, "मी तुम्हाला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही अक्षर न बदलता तेच सांगितलं. खोटं बोलणारा दर वेळी थोडी दुरुस्ती करतो. दोष गाडीतच आहे. मला बघून लपतोय एवढंच." मग बराच वेळ नखं कोरत बसले आणि म्हणाले, "मी बसलो की लपतो. म्हणजे मी बसतो तिथंच काहीतरी आहे."

तिसऱ्या दिवशी साडेचारलाच आले. मला म्हणाले, "आक्का, आज मी मागं क्रेटवर बसतो. तुम्ही पण चला. आणि मी नसताना जे जे करता ते सगळं करा. काही विसरू नका."

मी रोजच्यासारखी कामाला लागले. पुढच्या सीटवर ओलं गोणपाट, त्यावर गुलाबाची टोपली, टोपलीवर पुन्हा ओलं गोणपाट, आणि निघताना वरून पाणी. थंडीत एक तांब्या ओतायचे. ऊन वाढलं तसे तीन करायला लागले.

भाऊ बशीतून चहा पीत बघत होते. "तीन तांबे?"

"गुलाब हाय भाऊ. सुकून जातो. त्यात ही सीट लय तापती."

"कशानं तापती?"

"आता कशानं म्हंजे? खाली इंजिन हाय ना."

हे मीच बोलले. माझ्याच तोंडाने. तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. भाऊ नुसते "हं" म्हणाले, बशी खाली ठेवली आणि मागे जाऊन बसले.

पाटाच्या पुलाचा चढ आला. कल्पनाने दुसरा गिअर टाकला आणि गाडी खाली बसली. पुन्हा बसली. मग अशी उडी मारली की झेंडूचा क्रेट माझ्या मांडीवर आला. आणि कल्पना पुढून ओरडली, "बघा! बघा भाऊ! आत्याबाई, बघा आता!" गाडी बिघडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

"बाजूला घ्या. इंजिन बंद करू नका," भाऊ म्हणाले.

त्यांनी टोपली उचलून माझ्या हातात दिली. सीट वर केली. अजून अंधारच होता. कल्पनाने मोबाइलचा उजेड दाखवला तर म्हणाले, तो बंद करा. मग मला म्हणाले, "आक्का, या इकडं. हात लावू नका, नुसतं बघा."

सीटच्या कडेने पाण्याचे थेंब खाली पडत होते. खाली इंजिनाच्या काळ्या वायरी होत्या, प्लगला वीज नेणाऱ्या. त्या जुन्या होऊन तडकल्या होत्या. आणि जिथे जिथे पाणी पडलं होतं तिथे वायरीवर बारीक निळ्या ठिणग्या चालत होत्या, मुंग्या चालाव्यात तशा. जी वीज आत जायची ती ओल्यावरून बाहेर पळत होती. इंजिन गरम झालं की पाणी वाळत होतं, म्हणून बाजारापर्यंत गाडी बरी व्हायची. संध्याकाळी विलास चालवायचा तेव्हा तर सीट कोरडीच असायची.

भाऊंनी गाडी बंद केली. काखेतला पेपर काढला, त्याने वायरी टिपून टिपून कोरड्या केल्या. टोपली मागे माझ्या मांडीवर. कल्पना निघाली. पुढचा सगळा रस्ता गाडी एकसारखी पळाली. मांडीवरच्या टोपलीतून पाणी गळून माझं लुगडं भिजत होतं. तीन महिने ते कुठे गळत होतं ते मला आता कळलं होतं.

बाजारात कल्पना माल उतरवायला गेली तेव्हा भाऊ माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आक्का, मी आज नव्या वायरी टाकतो. विलासला सांगू, वायरी जुन्या झाल्या होत्या. ते काही खोटं नाही. वायरी चांगल्या असत्या तर पाणी पडून एवढं झालं नसतं."

"आणि पाणी?"

"पाण्याचं कोण विचारतंय?"

सगळ्या जगाला प्रश्न विचारणारा हा माणूस. मला मात्र एक विचारणार नव्हता.

संध्याकाळी गाडी घेऊन ते घरी आले. विलासला म्हणाले, "वायरी तडकल्या होत्या. बदलल्या. तुझ्या बायकोनं सांगितलं तसंच होतं सगळं."

विलास म्हणाला, "पण मग फक्त सकाळीच कशी..."

"जुनी गाडी आहे. होतं असं," भाऊ म्हणाले आणि पेपरची घडी करायला लागले.

मला ते सहन होईना. मी म्हणाले, "वायरीचं खरं हाय. पण पाणी मी ओतत होते. रोज तीन तांबे, इंजिनाच्या डोक्यावर. तिच्या पायाला काही झालं नव्हतं. तोंड माझं चाललं होतं आणि तुझं. गाडी विकायची नाय."

विलास माझ्याकडे बघत राहिला. कल्पना चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही, पण भाकरी तव्यावर करपत होती आणि तिच्या लक्षात येत नव्हतं. भाऊंनीच सांगितलं, "ताई, भाकरी."

माफी मागणं मला येत नाही. माझ्या वयाच्या बायकांना कुणी शिकवलं नाही. दुसऱ्या पहाटे मी कल्पनाच्या आधी उठले, टोपली पत्र्याच्या घमेल्यात बसवली, मागे दोन क्रेटच्या मध्ये तिला जागा केली आणि स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसले. ती आली, मला बघून थांबली. मी म्हणाले, "बघतेस काय? चल. उशीर व्हायलाय."

त्यानंतर कल्पना आणि भाऊ ही दोघं गुरू-चेल्यासारखी झाली. बाजारातून येताना ती गॅरेजवर थांबायची आणि भाऊ तिला कुणाची ना कुणाची गाडी चालवायला लावायचे. स्वतः शेजारी डोळे मिटून बसायचे. मग विचारायचे, "काय वाटलं?" तिने सांगितलं की म्हणायचे, "मलाही तसंच वाटलं," किंवा म्हणायचे, "पुन्हा एकदा पुलापर्यंत जाऊन या." उत्तर कधी आधी सांगायचे नाहीत. नव्या गाड्यांना लावून दोष वाचायचं ते यंत्र त्यांनी उतारवयात घेतलं. लोकांना वाटलं होतं ते नाक मुरडतील. त्यांना ते आवडलं. म्हणाले, "हेही आधी गाडीलाच विचारतं. आपल्या जातीचं आहे." तरी बाकडं हललं नाही.

मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. घोटीकडे गावात त्यांचा सख्खा भाऊ होता, भाताची शेती होती. तिकडे जायचं ठरलं. सामान काय, दोन पेट्या, एक पलंग आणि हत्यारांची पिशवी. टेम्पो सांगू म्हणाले. कल्पना म्हणाली, "टेम्पो कशाला? मी हाय ना." विलासने त्या दिवशी रजा घेतली आणि सामान चढवलं. गाडी कोण चालवणार हे त्याने विचारलंही नाही.

मी मागे पलंगावर बसले. भाऊ पुढे. निघालो तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि डोळे मिटले. मला वाटलं आता नेहमीसारखे ऐकत असतील. कल्पनालाही तसंच वाटलं, ती ताठ बसून चालवत होती. हायवेला लागल्यावर बघितलं तर ते चक्क झोपले होते. तोंड उघडं, मान कल्पनाच्या बाजूला कललेली. कुणाच्याही गाडीत हा माणूस झोपल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. कल्पनाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "रस्त्याकडं बघ." तिने गाडी आणखी हळू केली.

त्यांचं घर रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांच्या मध्ये. वाट इतकी अरुंद की गाडी वळवायला जागा नाही. सामान उतरवलं, चहा झाला. मी त्यांना म्हणाले, "गुडघ्याला तेल लावा. आणि त्या भावजयीला फार प्रश्न विचारू नका." ते हसले. कल्पना पाया पडली तेव्हा म्हणाले, "पडू नका ताई, गुडघ्यानं मला वाकता येत नाही, उठवणार कसं?"

गाडी उलटीच बाहेर काढायची होती. दोन्ही बाजूंना खाचर, पाणी भरलेलं. भाऊ काठी टेकत अंगणाच्या टोकाशी आले, बांधावर उभे राहिले आणि हात वर केला. मेकॅनिक करतात तसा, जाऊ द्या मागं, जाऊ द्या. कल्पनाने आरशात बघितलं, खिडकीतून एकदा मागे बघितलं आणि गाडी सोडली. चाक बांधाच्या कडेने चाललं. भाऊंचा हात थोडा वेळ तसाच वर होता. मग त्यांनी तो खाली घेतला, दोन्ही हात मागे बांधले आणि गाडी डांबरीला लागेपर्यंत नुसते बघत उभे राहिले.